सहा पत्र्यांसाठी ब्रेकडान्स

नाचाचा सिनेमा मला पहिल्या पाच मिनिटांत कळतो. गरीब वस्ती असते, वस्तीत एक जुनापुराणा हॉल असतो आणि त्या हॉलात पोरं डोक्यावर गरगर फिरत असतात. मग एक सुटाबुटातला शेट येतो आणि म्हणतो, हॉल पाडणार. पोरं म्हणतात, आम्ही नाचणार. पुढचे दोन तास जगातल्या कुठल्याही कचेरीत कुणी कुणाला कसलाही कागद मागत नाही. सातबारा नाही, ठराव नाही, नाहरकत दाखला नाही. पोरं नाचतात, शेटला पाझर फुटतो, हॉल वाचतो, आणि वस्तीतल्या म्हाताऱ्यासुद्धा कमरेवर हात ठेवून हलायला लागतात. झालं. डोळे पुसा आणि घरी जा.

माझी मुलगी असले सिनेमे सीडी आणून बघायची. मुरबाडला आमच्या दोन खोल्या, पुढच्या खोलीत तिचा टीव्ही, मागच्या खोलीत माझी बडबड. "आता शेट विरघळणार बघ." "आता तो लंगडणारा पोरगा बरा होणार." ती वैतागायची. एकदा म्हणाली, "आई, एवढा राग येतो तर दारात उभी राहून बघतेस कशाला?" या प्रश्नाला उत्तर होतं, पण ते द्यायचं तर समाजमंदिराच्या पत्र्यांपासून सुरुवात करावी लागली असती, आणि माझा भात गॅसवर होता. आणि खोटं कशाला बोलू, मला हे सिनेमे आवडतात. शेवटी सगळे नाचायला लागले की माझ्या पोटात अजून गुदगुल्या होतात. म्हणून तर चीड येते.

नव्वदच्या दशकात आमचं घर शहापूर तालुक्यात, शेणव्याकडच्या एका गावात होतं. वरच्या अंगाला कुणबी आळी, खालच्या अंगाला आमची बौद्धवाडी, आणि ओढ्यापलीकडे कातकरीपाडा. गावात पक्की म्हणावी अशी इमारत एकच, ती म्हणजे वाडीतलं समाजमंदिर. भिंती अशा की खिळा ठोकायला गेलं तर खिळा वाकायचा. त्या समाजमंदिरात माझी आई बालवाडी चालवायची. आई सातवी पास. तिन्हीकडची मिळून वीसबावीस पोरं यायची, एका चटईवर बसायची, एकाच पातेल्यातली सुकडी खायची. एरवी आईला कुणी अमक्याची बायको म्हणे, कुणी तमक्याची सून. समाजमंदिराच्या पायरीवर चढली की ती 'बाई' व्हायची. वरच्या आळीतले मोठमोठे बाप्येसुद्धा तिला बाई म्हणायचे आणि आलेलं पत्र वाचून घ्यायला तिच्याकडेच यायचे. ती प्रत्येकाला एकच गोष्ट बजावायची, "वाचल्याबिगर कुठं सही नाय करायची, अंगठा नाय द्यायचा."

त्या वर्षी वानरांनी छपरावर उड्या मारून सिमेंटचे सहा पत्रे फोडले. पर्यवेक्षिका मॅडम आल्या, वर बघितलं आणि म्हणाल्या, "बाई, पावसाच्या आत छप्पर नीट झालं नाही तर मला बालवाडी पलीकडच्या गावात हलवावी लागेल. तिथे शाळेची खोली रिकामी आहे." बालवाडी हलली म्हणजे आईचं काम गेलं, कारण पलीकडच्या गावात तिथलीच बाई नेमणार. आईने ग्रामपंचायतीत तीनदा विचारलं. तीनदा उत्तर आलं, निधी नाही. सहा पत्रे हो! जास्त काही नाही, सहा पत्रे.

नेमका त्याच सुमाराला आमच्या काकाच्या मुलाचं बारसं आलं. काका मुंबईत एका कचेरीत शिपाई होता, सुटीला गावी असायचा. कागद या टेबलावरून त्या टेबलावर नेऊन नेऊन त्याला कागदातलं सगळं कळतं असा वाडीचा समज होता, आणि त्याचाही होता. त्याने बारशाला शहापूरहून टीव्ही आणि व्हिडिओ भाड्याने आणला, गोधडीत गुंडाळून, टेम्पोतून. संध्याकाळी लाइट असेल याची खात्री नव्हती, म्हणून भर दुपारी समाजमंदिराच्या खिडक्यांना घोंगड्या लावून कार्यक्रम. हिंदी कॅसेट बाहेर गेलेली, म्हणून व्हिडिओवाल्याने इंग्रजी गळ्यात मारली. वर सांगितलं, "मारामारी हाय."

मारामारी औषधालाही नव्हती. होता तो हाच सिनेमा. वस्ती, हॉल, शेट, नाच. इंग्रजी कुणालाच कळत नव्हतं, म्हणून काका टीव्हीशेजारी खुर्ची टाकून बसला आणि अर्थ सांगू लागला. "हा टकला तहसीलदार हाय. तो बोलतो तुमचा अतिक्रमण हाय." "ही पोरगी शेटची हाय, पण तिचा मन वस्तीत हाय." "आता पोरं अर्ज देतात." पडद्यावर पोरं पाठीवर पडून भोवऱ्यासारखी फिरत होती. "ह्याला तिकडं अर्ज बोलतात," काका म्हणाला. आई हसून हसून लोळायची बाकी राहिली होती. शेवटी हॉल वाचला तेव्हा तिने पदर डोळ्याला लावला आणि वर फुटलेल्या पत्र्यांकडे बघितलं. घोंगड्या काढल्या तेव्हा सगळ्यांचे चेहरे असे उजळलेले की जसं काही वाडीतल्या प्रत्येकाला कायमची नोकरी लागली आहे. मीही त्यातच. वय वर्षं तेरा, अक्षर मोत्यासारखं, डोक्यात हवा.

दुसऱ्या दिवसापासून माझा दादा आणि त्याचे तीन दोस्त नाचायला लागले. दादा तेव्हा अकरावीत होता, म्हणजे कॉलेजच्या नावाखाली शहापूरच्या एसटी स्टँडवर उभा असायचा. सिनेमातल्या पोरांकडे फिरायला गुळगुळीत पुठ्ठा होता, आमच्याकडे खळं होतं. भात झोडून झालं की खळं रिकामं, सारवलेलं, सपाट. त्यावर पाठीवर फिरलं की पाठीला शेण आणि बरगड्यांना खडे. डोक्यावर उभं राहून फिरताना टाळू सोलायला लागली तेव्हा दादाने आईची चुंबळ पळवली. हंडा डोक्यावर ठेवायची ती कापडाची चुंबळ. ती जमिनीवर ठेवायची, तिच्यावर डोकं, आणि पाय वर. बायका पाण्याला निघायच्या तेव्हा एकीचीही चुंबळ जागेवर नसायची. मग ज्या शिव्या पडायच्या त्यांच्या तालावरही दादा नाचू शकला असता.

एकदा तो खळ्यावर एकटाच सराव करत होता. हात ताठ, मग लाट खांद्यातून कोपरात, कोपरातून बोटांत, मान झटक्याने उजवीकडे. वरच्या आळीतले एक आजोबा गुरं घेऊन चालले होते. त्यांनी काठी टाकली आणि ओरडले, "धावा रे धावा, पोराला फीट आली!" चौघे धावले. दोघांनी दादाला धरलं, एकाने कांदा फोडला, आणि आजोबांनी स्वतःच्या पायातली चप्पल काढून त्याच्या नाकाला लावली. दादा ओरडतोय, "सोडा, ब्रेक हाय, ब्रेक!" आणि आजोबा म्हणतायत, "बरळतो बघा कसा." माया होती हो त्यात, पण चप्पल ती चप्पलच.

चैत्राच्या उन्हात बातमी आली की शहापूरला एका मंडळाने रेकॉर्ड डान्सची स्पर्धा ठेवली आहे आणि बक्षीस द्यायला आमच्या भागाचे एक मोठे पुढारी येणार आहेत. काकाने मांडीवर थाप मारली. "पोरांनी नाचायचं, पुढारी खूश झाला की स्टेजवरच अर्ज हातात द्यायचा. सगळ्यांच्या समोर. नाय कसा बोलंल?" सगळ्यांना एकदम तो सिनेमा आठवला. मला तर आठवायची गरजच नव्हती, मी त्यातच राहत होते.

अर्ज लिहायचं काम माझ्याकडे आलं. आता आमच्याकडे अर्ज लिहायची एक रीत आहे, ती सांगायला पाहिजे. आमच्या तालुक्यातली प्रत्येक विहीर अर्जात आटलेली असते. प्रत्येक म्हातारी अर्जात निराधार असते, मग घरी तिचे चार मुलगे जेवायला बसलेले का असेनात. सहा मागायचे असतील तर चोवीस लिहायचे, कचेरीत साहेब अर्धे कापतो, उरलेल्यातले अर्धे वाटेत गळतात, मग जेमतेम हवे तेवढे हातात पडतात. साहेबालाही हे ठाऊक, अर्जदारालाही ठाऊक. कुणी कुणाला फसवत नाही. काका म्हणाला, "अर्ज रडका पायजे बाय. रडल्याशिवाय आईपण दूध देत नाय."

आई चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. ती तिथूनच म्हणाली, "काय नाय रडायचं. सहा पत्रे फुटलेत, सहा पत्रे लिव. जसं हाय तसं लिव गो."

मी ओटीवर बसले आणि जसं सिनेमात होतं तसं लिहिलं. सिनेमात हॉलला फक्त ओल आलेली नव्हती, हॉलचा जीव जाणार होता. म्हणून मी लिहिलं की सदर इमारत अत्यंत मोडकळीस आली असून कोणत्याही क्षणी कोसळून लहान बालकांच्या जिवास धोका संभवतो. तेवढ्याने समाधान होईना. मग लिहिलं की वस्तीतील होतकरू तरुण कलाकारांना आपली कला सादर करण्यास हक्काची जागा उपलब्ध नाही. तरी याबाबत योग्य ती कार्यवाही व्हावी. सहा पत्रे हे शब्द त्या भारदस्त भाषेत फार दरिद्री दिसायला लागले. मी ते गाळले. माझ्या आयुष्यात मी पुढे पुष्कळ चुका केल्या, पण इतक्या सुंदर अक्षरात एकही नाही.

आईकडे सहीला नेला तेव्हा तिचे हात पिठाचे होते. मी विचारलं, "वाचून दाखवू?" ती म्हणाली, "तूच लिवलंस ना? मग काय वाचायचं त्यात?" तिने हात पदराला पुसले आणि सगळ्यात वर सही केली. तिची सही बघून वाडीने खाली सह्या केल्या, अंगठे दिले.

स्पर्धा दुपारी होती. मांडवात अशी उकड की ढोलाचं कातडंही सैल पडावं. दादाच्या चमूचे पांढरे हातमोजे म्हसा गावच्या जत्रेतले, आणि चमकदार विजारी मुरबाडच्या शिंप्याने पडद्याच्या कापडाच्या शिवलेल्या. त्यांच्या आधी तीन लावण्या आणि दोन कोळीनृत्यं झाली. मग आमची पोरं आली. मधेच टेप अडकली, गाणं घर्र घर्र करायला लागलं, आणि दादा त्या घर्रघर्रीवरच थरथरत राहिला. लोकांना वाटलं हे असंच असतं. शिट्ट्या पडल्या. शेवटी त्याने खिशातून चुंबळ काढली, फळ्यांवर ठेवली, डोकं टेकवलं आणि फिरला. एक, दोन, तीन, चार फेऱ्या! मी किंचाळत होते. शेजारी आई उभी होती, तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. मी खरंच सांगते, तेवढा निखळ आनंद मला पुढे स्वतःच्या लग्नातही झाला नाही.

पहिला नंबर फेटा बांधलेल्या चार वर्षांच्या पोराला गेला, तो तर कुठल्याही स्पर्धेत जातोच. आमच्या पोरांचा दुसरा आला, भिंतीवरचं घड्याळ मिळालं. दादाने वाकून नमस्कार केला आणि अर्ज पुढे केला. पुढाऱ्यांनी त्यातलं होतकरू कलाकारांचं वाक्य तेवढं माइकवर वाचलं. बाकीचा कागद घडी होऊन खिशात गेला. माझं वाक्य लाउडस्पीकरमधून शहापूरभर गेलं. मग ते म्हणाले, "अशा कलाकारांसाठी काहीतरी केलंच पाहिजे. हा माझा शब्द आहे." टाळ्या. येताना टेम्पोत आम्ही घसा बसेपर्यंत गायलो. सिनेमात यानंतर नावं येतात, म्हणून मला वाटलं संपलं.

महिन्याच्या आत जीप आली. तीन माणसं उतरली, मोजायची फीत काढली. आईने लगबगीने चहा टाकला. तिला वाटलं, पत्र्यांचं माप घ्यायला आलेत. पण ते छपराकडे बघेचनात, जमीनच मोजत होते. एकाने भिंतीवर मूठ आपटून बघितली आणि म्हणाला, "ही तर दणदणीत आहे की." दुसऱ्याने फायलीतला कागद उघडला. "रहिवाशांनीच लिहून दिलंय, कोणत्याही क्षणी कोसळेल. उद्या पोरं मेली तर जबाबदार कोण?" स्वातंत्र्यापासून आमच्या तालुक्यातून गेलेल्या अर्जांपैकी जशाच्या तसा खरा मानला गेलेला हा बहुधा पहिलाच. आणि पुढाऱ्यांकडे खुल्या रंगमंचाचा निधी पडून होता, जागा काय ती मिळत नव्हती. ती आम्ही नाचत नेऊन दिली.

पहारी आणि घण घेऊन माणसं आली. कोणत्याही क्षणी कोसळणारी ती इमारत पाडायला त्यांना चार दिवस लागले. फुटलेले सहा पत्रे तेवढे पहिल्या दहा मिनिटांत उतरले. चार दिवस आई घराच्या दारात बसून बघत होती.

पाचव्या दिवशी वाडीची बैठक बसली. वरच्या आळीतलेही आले, कारण त्यांचीही पोरं घरी बसली होती. सरपंचांनी अर्जाची नक्कल आणली होती, ती वाचली. 'सहा पत्रे' कुठेच आलं नाही. कुणीतरी ओरडलं, "हे लिवला कुणी?" काका एकाएकी खाली बघून चपलेचा अंगठा तपासायला लागला. मी आईच्या मागे उभी होते. तिने तो कागद मागून घेतला, पहिल्यांदा वाचला, सावकाश, शेवटच्या ओळीपर्यंत. मला तिची पाठ दिसत होती. मग ती म्हणाली, "पोरीनं मी सांगितलं तसा लिवला. सही माझी हाय. वाचून केली."

"बाई, तुमी?" चप्पलवाले आजोबा म्हणाले. "तुमीच आमाला शिकवता ना, वाचल्याबिगर…"

"वाचूनच केली," आई म्हणाली. "माझी अक्कल कमी पडली."

त्यानंतर आमच्या ओटीवर पत्र वाचून घ्यायला कुणी आलं नाही. कुणी भांडलं नाही, टोमणाही मारला नाही. फक्त आले नाहीत. घरी येऊन आई मला एवढंच म्हणाली, "सहा लिवायला सांगितले होते गो तुला." मी रडायला लागले तर म्हणाली, "आता रडतेस? सगळं रडून तर झालं तुझं कागदावर." आणि मला ताटात भाकरी वाढली.

दादा आणि त्याचे दोस्त यांनी मिळून मंदिराच्या जागी झालेल्या त्या रंगमंचावर एकदा नाच केला, उद्घाटनाच्या दिवशी. सिनेमात हिरो अशा वेळी बाणेदारपणे नकार देतो. दादाची विजार इस्त्री करून ठेवली होती, त्याने नाच केला. नंतर तो कंपनीत लागला. वर छप्पर नसलेल्या त्या सिमेंटवर दुपारी पाय भाजायचे, म्हणून नाचायला कुणी गेलं नाही. भात वाळवायला मात्र उत्तम जागा झाली.

पण ते पुढचं. त्याआधी बालवाडीचं सामान पोचवायचं होतं. मॅडमचा कागद आला आणि आई न् मी बांधावरून पलीकडच्या गावाला निघालो. आईकडे हजेरीवही आणि खेळण्यांची पत्र्याची पेटी, माझ्याकडे पोरांचं वजन करायचा काटा. नवी बाई नुकतीच लग्न होऊन आलेली, घाबरलेली, बारावी नापास. आईने वही उघडली आणि एकेका नावावर बोट ठेवून सांगायला लागली. "हा पाड्यावरचा, ह्याला आधी खायला द्या, मग नाव विचारा. ही आई दिसेनाशी झाली की गप बसते, तवर रडू द्या. हा चावतो, पण चावला की मग दिवसभर तुमचा पदर सोडत नाय." वीसबावीस पोरं तिने अशी एकेक करून दिली. एवढे बांध तुडवत त्यातली किती येणार, हे दोघींनाही माहीत होतं.

नव्या बाईने वही छातीशी धरली आणि अगदी साधेपणाने विचारलं, "बाई, तुमचं मंदिर तर चांगलं होतं ओ. पडलं कसं?"

असल्या ठिकाणी सिनेमात खरं बोलतात. जिची चूक असते ती पुढे येते, सगळं सांगून टाकते, सगळे तिला मिठी मारतात आणि गाणं सुरू होतं. माझीही वाक्यं तयार होती, चांगली भारदस्त. आई माझ्याकडे बघत नव्हती. मुद्दाम बघत नव्हती, हे मला तेव्हाही कळलं.

"माझ्या हातून अर्ज चुकला," ती म्हणाली.

मी काही बोलले नाही. आजवर बोललेले नाही. नव्या बाईने माझ्या हातातला काटा घेतला आणि हा कुठे टांगायचा, असं विचारलं. आईने मान वर करून ती खोली पहिल्यांदा नीट बघितली.

"टांगा कुठंबी," ती म्हणाली. "छप्पर पक्कं हाय तुमचं."